जिभेखालचं भारनियमन

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पुण्यातल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, आकडा बरोबर येईल. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते तर जरा जास्तच ठामपणे सांगतात. मला मात्र गेल्या दीड वर्षापासून त्यातली एकच पायरी पाठ आहे. ६१वी.

या पायरीवर माझ्या छातीत कुणीतरी येऊन बसतं. दुखतं म्हणावं तर दुखत नाही. एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा माणूस 'जरा सरकता का' म्हणत नुसता टेकतो, पुढच्या खड्ड्याला पुरता बसतो, आणि त्यापुढच्या थांब्याला त्याची पिशवी आपल्या मांडीवर आलेली असते, तसं होतं. आमच्याकडे पिशवी डाव्या खांद्यावर येते, कधीकधी खालच्या जबड्यावर. मी थांबलो की दोन-तीन मिनिटांत गृहस्थ उतरून जातात. तिकीट न काढता.

आता, थांबायचं म्हटलं तर पर्वतीवर सकाळी साडेसहाला थांबणं सोपं नाही. शेजारून सत्तरीच्या एक बाई नऊवारीत, चपला हातात घेऊन, स्तोत्र पुटपुटत वर जात असतात. स्तोत्रात खंड नाही, म्हणजे दम लागलेला नाही. दोन कॉलेजची मुलं धावत वर जाऊन खाली येऊन पुन्हा वर निघालेली असतात. अशात आपण मध्येच उभं राहायचं तर काहीतरी कारण हवं. आमच्या चौघांच्या कंपूतले तात्या पन्नासाव्या पायरीच्या आसपास एक पाय वरच्या पायरीवर टेकवून नाडी बांधतात. अप्पा मोबाईल काढून खाली पसरलेल्या शहराचा फोटो घेतात. वर्षाचे तीनशे फोटो, सगळे सारखे, फक्त धुकं कमीजास्त. नाना एकदम हात धरून "थांबा, हे ऐका" म्हणतात आणि १९७८ सालचा ऑफिसातला किस्सा सुरू करतात. या तिघांचा मला मनातून हेवा वाटायचा. काय निवांत माणसं आहेत! मी आपला मोबाईल कानाला लावून "हं... हं... बरं... पाठवा" असं म्हणत उभा राहायचो. पलीकडे कुणीही नसायचं.

घरी या प्रकाराचं निदान पहिल्याच दिवशी झालं होतं. गॅस. आपल्याकडे गळ्यापासून बेंबीपर्यंत जे काही होतं त्याला गॅस म्हणतात आणि ते आदल्या रात्रीच्या उसळीमुळे होतं. हिनं ओवा दिला, हिंग दिला. शेजारच्या वहिनींनी लिंबू-सोडा पाठवला. तीन महिने मी असा आतून फोडणी घातल्यासारखा फिरत होतो. गॅस फक्त चढणीवरच कसा होतो, आणि थांबल्यावर ढेकरही न देता कुठे जातो, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. मलाही नाही, आणि याची मात्र मला लाज वाटते. कारण मी चौतीस वर्षं वीज खात्यात काढली. लोड आला की फीडर ट्रिप होतो आणि लोड उतरला की आपोआप सुरळीत होतं, अशी तक्रार एखाद्या ग्राहकानं केली असती तर मी त्याला ओवा खा म्हणून सांगितलं नसतं.

शेवटी मुलानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुलाच्याच वयाचे. त्यांनी छातीला वायरी लावून मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं. या परीक्षेत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. आपण जागच्या जागी पर्वती चढत असतो, फरक एवढाच की इथे फोन आल्याचं सोंग करता येत नाही. तिसऱ्या टप्प्यावर एस.टी.तले गृहस्थ आले, कागदावरची रेघ खाली झुकली आणि डॉक्टरांनी पट्टा थांबवला. पुढे अँजिओग्राफी झाली. एका फांदीत अडथळा आहे, तूर्त औषधांवर भागेल, असं ठरलं. या दुखण्याचं नाव अंजायना.

"काका, हृदय हाही एक स्नायूच," डॉक्टर सांगू लागले. "तुम्ही चढता तेव्हा त्याचं काम वाढतं, त्याला जास्त रक्त लागतं. रस्ता अरुंद असल्यामुळे तेवढं पोचत नाही..."

"मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो."

"अगदी बरोबर."

"मग तुम्ही लिहून दिलेली ही गोळी पुरवठा वाढवते?"

"थोडा वाढवते. पण तिचं मुख्य काम वेगळं आहे. ती शिरा सैल करते. रक्त हातापायांत, पोटात जरा रेंगाळतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. आत कमी आलं की बाहेर कमी ढकलावं लागतं. लोड कमी होतो, दुखणं थांबतं."

मी सुन्न झालो. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत माझ्याकडे एकच काम होतं. कुठल्या भागाची वीज किती वाजता घालवायची याचं वेळापत्रक करणं. आमच्या गल्लीत लाईट गेले की पोरं अंधारात माझ्या नावानं ओरडायची. हिला भाजीवाला कोथिंबीर द्यायचा नाही. आणि आता माझ्याच छातीत, हातापायांचे फीडर कमी करून, मुख्य उपकेंद्र वाचवायचं भारनियमन व्हायचं होतं. तेही जिभेखालून.

जिभेखालून का, तेही विचारून घेतलं. गोळी गिळली तर ती पोटातून आधी यकृताच्या नाक्यावर जाते. तिथे एवढी जकात कापली जाते की पुढे फारसं काही पोचत नाही, आणि जे पोचतं ते सावकाश. महाराष्ट्रातली जकात गेली, ही राहिली. जिभेखालची त्वचा पातळ, तिथून गोळी थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत कामाला लागते. डॉक्टर म्हणाले, हा बायपास रस्ता समजा. मी म्हटलं, कार्डिओलॉजिस्टनं हा शब्द जरा जपून वापरावा.

मग सूचना सुरू झाल्या. दुखू लागलं की आहे तिथे बसायचं. उभ्यानं घ्यायची नाही, रक्तदाब उतरून माणूस कोसळतो. तोंड कोरडं असेल तर पाण्याचा एक घोट घेऊन ओलं करायचं. गोळी जिभेखाली ठेवायची, चघळायची नाही, गिळायची नाही, बोलायचं नाही. पाच मिनिटं वाट बघायची. नाही थांबलं तर दुसरी, आणखी पाच मिनिटांनी तिसरी. तिसरीनंही नाही थांबलं, किंवा आधीच घाम फुटला, गळून गेल्यासारखं झालं, बसल्याजागी काही कारण नसताना दुखलं, तर गोळ्या मोजत बसायचं नाही. १०८ला फोन.

"बोलायचं नाही, हे किती वेळ?" ही म्हणाली. तिच्या आवाजात अशी उत्सुकता मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

"गोळी विरघळेपर्यंत."

"आणि काका," डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दाराकडे बघितलं. "एक विचारावं लागतं. रागावू नका. तुम्ही ती... निळी गोळी घेता का कधी?"

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "घेतात की! रोज सकाळी नाश्त्यानंतर."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असावा. मुलगा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे अतिशय बारकाईनं बघू लागला. ती रक्तदाबाची गोळी आहे, तिचं पाकीट निळं असतं, ही वस्तुस्थिती बाहेर यायला अर्धं मिनिट लागलं. मग डॉक्टरांनी एका दमात सांगून टाकलं की त्या दुसऱ्या निळ्या गोळीनंतर निदान चोवीस तास, आणि तिच्या एका लांब पल्ल्याच्या भावंडानंतर अठ्ठेचाळीस तास ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही. दोन्ही एकाच वाटेनं रक्तवाहिन्या सैल करतात आणि एकत्र आल्या की रक्तदाब धाडकन खाली येतो. जिभेखालच्या गोळीतलं नायट्रेट शरीरात गेलं की त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि रक्तवाहिनी सैल करण्याचं काम खरं तोच करतो. या वायूचं रक्तवाहिन्यांतलं काम शोधल्याबद्दल १९९८ साली तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, आणि व्हायग्राला अमेरिकेत परवानगी मिळाली तीही त्याच वर्षी. म्हणजे घरचं निदान अगदीच चुकलं नव्हतं. प्रश्न शेवटी गॅसचाच निघाला.

नोबेल या नावाशी या औषधाचं नातं तर त्याहून जुनं. १८४७ साली इटलीतल्या तुरीन शहरात आस्कानिओ सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन बनवलं. आमटीत मीठ बघावं तसं नवं रसायन जिभेला लावून बघायची तेव्हा रीत होती. त्यांनी बघितलं आणि डोकं ठणकून उठलं. मग कळलं की हा पदार्थ नुसतं डोकं उठवत नाही, छप्परही उडवतो. आल्फ्रेड नोबेल यांनी तो विशिष्ट मातीत मुरवून १८६७ साली त्याचा डायनामाइट केला आणि अमाप पैसा मिळवला. स्फोटकांच्या कारखान्यांत कामगारांना दर सोमवारी भयंकर डोकेदुखी व्हायची, मंगळवारपासून कमी व्हायची, आणि रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून. काही कामगार सुट्टीत सवय मोडू नये म्हणून हॅटच्या पट्टीत थोडं नायट्रोग्लिसरीन भरून घरी न्यायचे म्हणे. सोमवारची डोकेदुखी आमच्या खात्यातही सर्वांना होती, पण त्यासाठी आम्हाला कधी स्फोटकं लागली नाहीत.

१८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी, आधी स्वतःवर प्रयोग करून, हेच रसायन अगदी सूक्ष्म प्रमाणात अंजायनावर वापरलं आणि 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. पुढे खुद्द नोबेल यांनाच हृदयाचं दुखणं जडलं आणि डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं. १८९६ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्यांनी सहकाऱ्याला पत्रातून कळवलं की दैवाची चेष्टा बघा. औषधवाले आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन असं दुसरं नाव दिलंय, हेही कळवलं. या नामांतराचं मर्म मला आतून कळतं. 'तुमचे लाईट घालवतो' म्हटलं असतं तर लोकांनी आमचं कार्यालय जाळलं असतं. 'भारनियमन' म्हटल्यावर नुसते अर्ज आले.

आपल्याकडे घरोघरी असते ती सॉर्बिट्रेट, पाच मिलिग्रॅमची, त्याच नायट्रेट कुळातली. हा इतिहास मी हौसेनं हिला सांगितला ही चूक झाली. "अहो, म्हणजे सुरुंग?" असं म्हणून तिनं देवघरातली स्ट्रिप निरांजनापासून लांब हलवली. गोळीत स्फोट होण्याइतकं काही नसतं, हे तिला पटलं. पण दिवाळीचे चार दिवस स्ट्रिप फडताळातच होती.

स्ट्रिपांची गोष्ट तशी वेगळीच. जेव्हा गोळी लागेल तेव्हा ती हाताशी हवी, म्हणून हिनं कात्रीनं स्ट्रिपचे तुकडे केले आणि घरभर पेरले. एक उशीखाली, एक देवघरात, एक पाकिटात, एक स्कूटरच्या डिकीत, एक फिरायच्या पँटच्या खिशात. डिकीतली मी काढून घेतली, कारण उन्हात ठेवलेलं औषध औषध राहत नाही. पँटच्या खिशातली पँटबरोबर धुलाई यंत्रात गेली. त्या आठवड्यात यंत्रानं एकदाही धडधड केली नाही. आणि कात्री अशी चालली होती की कुठल्याच तुकड्यावर पूर्ण तारीख उरली नव्हती. एकावर 'एक्सपा', एकावर नुसतं '०२'. फेब्रुवारी की २००२, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

पहिली गोळी मी घरीच, खुर्चीत बसून घेतली. साखरदाण्याहून थोडी मोठी. जीभ उचलून आत ठेवली. इतक्या लहान वस्तूनं माणसाची इतकी कोंडी होते हे मला माहीत नव्हतं. दारावर कुरिअरवाला आला, त्याला सही हवी होती, नाव काय ते विचारत होता. मी बोटांनी खुणा करत होतो. त्यानं जाताना हिला हळूच विचारलं, "आजोबांना कधीपासून बोलता येत नाही?" मग डोकं ठणकलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना, ताशाच्या काड्या पडाव्यात तसं. कान गरम झाले. सोब्रेरोसाहेबांची आठवण आली.

व्यायाम मात्र बंद झाला नाही. मला वाटलं होतं डॉक्टर म्हणतील, आता आराम करा. मी चेहरा दुःखी करून तयार होतो. ते म्हणाले, उलट चाला, रोज चाला, फक्त सुरुवात हळू करा, खाऊन लगेच चढू नका, गार वाऱ्यात जपा. आणि चढण येणार हे माहीत असेल तेव्हा पाच-दहा मिनिटं आधी, बसून, एक गोळी जिभेखाली. अंजायनाचं पहिलं नेमकं वर्णन करणारे विल्यम हेबर्डन यांनीही एका रुग्णाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. तो गृहस्थ रोज अर्धा तास लाकूड करवतायचा आणि जवळजवळ बरा झाला. हेबर्डन यांचं अंजायनाचं ते पहिलं वर्णन १७७२ साली छापून आलं. थोरले माधवराव थेऊरला गेले ते साल. हिला ही हकीकत सांगितल्यावर ती म्हणाली, "आपल्याकडे लाकडं नाहीत. नारळ खवा."

तर मी पायथ्याशी कठड्यावर बसून, रुमालानं तोंड पुसायच्या निमित्तानं, गोळी ठेवायला लागलो. मित्रांना सांगितलं नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. मधुमेह माणूस मोठ्यानं सांगतो, गुडघे तर हौसेनं दाखवतो. हृदयाचं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक हिशेब चालू होतो, आणि तो आपल्याला दिसतो. तात्या म्हणायचेही, "तुम्ही हल्ली सुरुवातीला फार गप्प असता." गोळी विरघळल्यावर मी ६१व्या पायरीवर जायचो, चौथा प्रवासी यायचाच नाही. रोजचा फोनही यायचा बंद झाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी सगळं एकदम जमून आलं. घरी आदल्या दिवशी सत्यनारायण झाला होता, उरलेला शिरा मी निघताना वाटीभर खाल्ला. वारा बोचरा होता. उशीर झाला म्हणून पायथ्याची गोळी राहिली. ४८व्या पायरीवरच गृहस्थ आले, आणि या खेपेला टेकलेबिकले नाहीत, पथारी पसरूनच बसले. मी बसलो. अख्खा, पायरीवर, सगळ्यांच्या देखत. १८१७ साली खडकीच्या लढाईच्या वेळी दुसरा बाजीराव याच टेकडीवरून ती बघत होता असं सांगतात, तेव्हा दुसऱ्यांची धावपळ बसून बघण्याला इथे आधार आहे, असं काहीतरी मनात येऊन गेलं. खिशात हात घातला. तुकडा निघाला. तो पित्ताच्या गोळ्यांचा होता.

माणसं जमली. "पाणी द्या." "पाणी नका देऊ." "आडवं करा त्यांना." "उभं करा, चालू द्या, गॅस असेल." नऊवारीतल्या बाईंचं स्तोत्र तेवढ्यापुरतं थांबलं. मी नुसतं "सॉर्बि..." एवढं म्हणालो.

तेव्हा माझ्या नाकासमोर तीन हात आले. तात्यांच्या हातात अर्धी स्ट्रिप होती, पाकिटात घडी पडून चुरगळलेली. अप्पांच्या हातात नवी कोरी, मोबाईलच्या कव्हरमागून काढलेली. नानांची चष्म्याच्या डबीत होती.

क्षणभर कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग तात्या म्हणाले, "माझी घ्या, माझी आधी काढली." नाना म्हणाले, "तुमच्यावर तारीख दिसत नाही." तात्या म्हणाले, "दिसत नाही म्हणजे संपली असं नाही." अप्पांनी तोवर आपली फोडून माझ्या तळहातावर ठेवली होती. धावणाऱ्या मुलांतली एक मुलगी खाली बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी वेळ लावते," आणि तिनं मनगटावरचं घड्याळ दाबलं.

कुणी विचारत होतं, घरचा नंबर काय? कुणी विचारत होतं, याआधी कधी झालं होतं का? तात्या आणि नाना तारखेवरूनच बोलत होते. मला सगळ्यांची उत्तरं येत होती. मी तोंड मिटून बसलो. खाली शहरात धुकं होतं, अप्पांच्या फोटोत असतं तेवढंच.

"चार मिनिटं," मुलगी म्हणाली, तेव्हा गृहस्थांनी पिशवी उचलली. खांदा मोकळा झाला, मग छाती. कपाळावर ताशा सुरू झाला, म्हणजे अप्पांची गोळी अस्सल होती. मी उठायला गेलो तर अख्खं शहर कलंडलं, म्हणून पुन्हा बसलो. आणखी दहा मिनिटं बसलो. गर्दी पांगली, स्तोत्र पुढे गेलं, आम्ही चौघेच उरलो.

"तुम्हाला कधीपासून?" मी विचारलं.

अप्पांनी मोबाईल काढला आणि फोटो घेतला. नाना म्हणाले, "थांबा, हे ऐका." तात्या वाकून नाडी बांधायला लागले. मी इतक्या जवळून त्यांचे बूट पहिल्यांदाच बघत होतो. त्यांना नाड्या नव्हत्या.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पुन्हा हृदयाची पट्टी काढली, एक औषध वाढवलं, शिऱ्याबद्दल बोलले. चौथ्या दिवशी पायथ्याच्या कठड्यावर आम्ही चौघे ओळीनं बसलो होतो, चौघांचीही तोंडं मिटलेली. पाच मिनिटांनी मी खिशातून एक गोळी काढून अप्पांना परत केली.

अप्पांनी चष्मा लावला, गोळी उलटीसुलटी केली आणि तारीख बघूनच खिशात टाकली.